कार्ल्याचा शिलालेख आणि सातबारा

माझ्या पीएचडीचा विषय लोक-इतिहास. घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे लोककथा का?" नाही. विद्यापीठाबाहेर, म्हणजे शाळेत, गावात, संग्रहालयात, इतिहास कोण सांगतं, कोणाला, आणि काय सांगायचं हे कोण ठरवतं, हा तो विषय. त्यासाठी मी लोणावळ्याजवळच्या एका लहानशा संस्थेत इंटर्नशिप केली. ही तीन-चार माणसांची संस्था मावळातल्या शाळांत आणि बचत गटांत इतिहासाचे वर्ग घेते. माझं पद 'समुदाय विकास इंटर्न'. प्रत्यक्ष काम म्हणजे हजेरी, फोटो, प्रोजेक्टरच्या वायरी आणि एसटीची वाट बघणं.

एका बचत गटासमोर मला कार्ल्याची लेणी 'समजावून' सांगायची होती. चैत्यगृह, खांब, छताच्या मूळच्या लाकडी कमानी हे सगळ्यांना माहीत असतं. एकवीरा आईला जाताना सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं. म्हणून मी तिथले दोन शिलालेख निवडले, दोन्ही सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. पहिल्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात करजिक नावाचं गाव वलुरकच्या लेण्यांतल्या भिक्खूंना देतो. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. दुसरा लेख त्यानंतरचा. त्यात राजा मामालच्या अमात्याला हुकूम देतो की हे गाव भिक्खूंना दिलं आहे, सरकारी माणसांनी त्यात शिरू नये. मामाल म्हणजे आपलं मावळ! मला वाटलं, इथे टाळ्या पडणार.

पडल्या नाहीत. एका ताईंनी विचारलं, "गाव दिलं म्हणजे नक्की काय दिलं? जमीन, का माणसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. अभ्यासक त्यावर वर्षानुवर्षं लिहितायत. मी सांगितलं, अशा दानात बहुतेक वेळा महसुलाचा हक्क दिला जायचा. कार्ल्यातच वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या ७व्या वर्षातला एक लेख आहे, त्यात महारठी सोमदेव एक गाव लहानमोठ्या करांसह देतो. कसणारा तिथेच राहायचा, त्याचा वाटा फक्त दुसरीकडे जायचा. मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "मग कूळ तेच, खंड घेणारा बदलला." माझ्या टिपणांत हे इतकं सोपं कुठेच नव्हतं.

मायकल फ्रिश या अमेरिकन इतिहासकाराने १९९०च्या पुस्तकात 'शेअर्ड ऑथॉरिटी' ही कल्पना मांडली. मी तिला वाटून घेतलेला अधिकार म्हणते. फ्रिशचं म्हणणं असं की मुलाखत देणारा माणूस नुसता माहिती पुरवत नाही. अर्थ लावण्यातही त्याचा वाटा असतोच. आपण उदार होऊन तो द्यायचा नसतो, आहे हे मान्य करायचं असतं. वाचताना मला हे ठीक वाटलं होतं. त्या दिवशी मात्र जरा अवघडल्यासारखं झालं, कारण माझ्या हातातल्या अहवालाच्या तक्त्यात रकाने होते 'सत्रे' आणि 'लाभार्थी'. आजींना मी कुठल्या रकान्यात टाकणार? लाभ तर मला झाला होता.

पुढच्या वेळी विषय मी नाही, गटाने ठरवला. लेणी नकोत, पवना धरण हवं. कोणाची जमीन गेली, बदल्यात कोणाला काय मिळालं, आणि ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले, तो दिवस. काही जणी बोलल्या, काहींनी रेकॉर्डर बंद करायला लावला. मी बंद केला.

आणखी एक प्रश्न सारखा यायचा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याचा मला आनंद आहेच. पण या अंतरात ज्यांचं घर येतं त्यांच्यासाठी 'वारसा' म्हणजे आधी हा नियम असतो, अभिमान नंतर. संस्थेच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती. नवीन मसुद्यात मी अर्धं पान लिहिलं. ते छापायचं की नाही, यावर अजून चर्चा चालू आहे. दरम्यान गटातल्या दोघींनी मला त्यांचा सातबारा आणून दिलाय, "हा पण वाचून दाखव" म्हणून.