ल्युसिफेरिन : नाव एक, माणसं अनेक!

पावसाच्या तोंडावर आम्ही बिबवेवाडीतले चौघं भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. झाडंच्या झाडं लुकलुकत होती. एका मित्राने विचारलं, "पोटात एवढा उजेड, चटका नाही बसत?"

मी लगेच शायनिंग मारली. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन असतं. ल्युसिफेरेज नावाचं एन्झाइम एटीपी वापरून त्याला तयार करतं आणि मग ऑक्सिजन जोडतं. चार अणूंचं एक ताणलेलं कडं बनतं. ते तुटलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. म्हणून चटका नाही! "समुद्रातल्या चमकणाऱ्या किड्यांचंही सेम," असंही मी ठोकून दिलं.

लेखासाठी वाचायला बसलो आणि कळलं, हे शेवटचं वाक्य साफ चूक होतं.

ओडोंटोसिलिस हा गांडुळाचा समुद्रातला भाऊबंद. बर्म्युडाजवळ पौर्णिमेनंतरच्या रात्री, सूर्यास्तानंतर तासाभरात मादी हिरवट उजेड सोडत गोल फिरते आणि नर तिच्याकडे धावतात. इथेही ल्युसिफेरिन, ल्युसिफेरेज आणि ऑक्सिजन लागतात, पण एटीपी लागत नाही! २०१८ साली जपानमधल्या ओडोंटोसिलिसचं ल्युसिफेरेज ओळखलं गेलं, ते माहीत असलेल्या कुठल्याच प्रोटीनशी जुळेना. २०१९ मध्ये ल्युसिफेरिनची रचनाही उलगडली. त्यात काजव्यासारखंच गंधक आहे, पण सांगाडा अगदी वेगळा. आपल्या कोकणात कधीकधी लाटा निळ्या चमकतात, त्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवामुळे. अशा जीवांचं ल्युसिफेरिन तर क्लोरोफिलच्या जातकुळीतलं!

मग नाव एकच कसं? १८८० च्या दशकात राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने चमकणाऱ्या जीवांचे दोन अर्क काढले, एक गार पाण्यात, एक गरम. गार अर्क चमकून विझला, गरम चमकलाच नाही. दोन्ही एकत्र केले आणि पुन्हा उजेड! उष्णतेत टिकलं ते ल्युसिफेरिन, नासलं ते ल्युसिफेरेज. म्हणजे ही नावं कामावरून पडली. प्रत्येक वर्गाला सीआर असतो, म्हणून सगळे सीआर सख्खे भाऊ होत नाहीत ना!

हा फरक किरकोळ नाही. काजव्याच्या उजेडाला एटीपी लागतो, म्हणून त्याचं रसायन वापरून खाद्यपदार्थांच्या कारखान्यात यंत्रं स्वच्छ आहेत का ते तपासतात. जंतू किंवा अन्नाचे कण राहिले, तर त्यांच्यातल्या एटीपीमुळे उजेड पडतो. तिथे समुद्री किड्याचं रसायन वापरलं, तर हे मोजमापच होणार नाही.

मित्राला फोन करून चूक कबूल केली. तो म्हणाला, "बरं झालं, मी व्हायव्हात सांगणार होतो!"