होशंगाबादचा विज्ञानवर्ग : तीस वर्षांचा मागोवा

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, सहावी ते आठवीच्या सोळा शाळांमध्ये, विज्ञान शिकवण्याची पद्धतच बदलून पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. बनखेडीजवळची ‘किशोर भारती’ आणि रसुलिया इथले ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन स्वयंसेवी संस्थांनी तो हाती घेतला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल रेणवीय जीवशास्त्रज्ञ होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली जागा सोडून नर्मदेच्या खोऱ्यात आले होते. सरकारने या सोळा शाळांपुरती अभ्यासक्रमात आणि पुस्तकांत मोकळीक दिली. सरकारी शाळा, सरकारी पगारी शिक्षक आणि तरीही वेगळे पुस्तक, ही गोष्ट त्या काळात सहज मिळणारी नव्हती.

सुरुवातीची सामग्री अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघाच्या भौतिकशास्त्र अभ्यासगटाकडून आली. टाटा संस्थेतले काही वैज्ञानिक पहिल्यापासून सोबत होते आणि वर्षभरात दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही येऊ लागले. पण शहरातले वैज्ञानिक खेड्यात जाऊन मुलांना प्रयोग दाखवतात, असे या कार्यक्रमाचे रूप नव्हते. मुलांसमोर रोज उभा राहणार होता तो गावातला शिक्षक. त्यातल्या बहुतेकांनी स्वतः शाळेत कधी प्रयोग केलेला नव्हता आणि अनेकांनी शालान्त परीक्षेनंतर विज्ञानाचे पुस्तक मिटले ते मिटलेच होते. मुलांनी विचार करावा असे वाटत असेल तर आधी शिक्षकाला विचार करायची संधी आणि सवड द्यावी लागेल, हे आयोजकांनी फार लवकर ओळखले. पुढच्या तीस वर्षांत या कार्यक्रमाने जे काही साधले, त्याचे मूळ प्रयोगसाहित्यापेक्षा या ओळखीत जास्त आहे.

प्रशिक्षणाची घडण त्यावरूनच ठरली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांचे शिबिर, आणि तेही सहावी, सातवी, आठवी अशा एकेका इयत्तेसाठी वेगळे. शिबिरात भाषणे कमी. शिक्षक चार-चारच्या टोळ्यांत बसत, मुलांच्याच पुस्तकातले प्रयोग मुलांसारखेच करत, निरीक्षणे वहीत लिहीत आणि मग सगळ्या टोळ्यांची उत्तरे फळ्यावर मांडून वाद घालत. एकच लांबी दहा जणांनी मोजली की दहा आकडे येतात. त्यातला बरोबर कोणता, यावर सकाळचा सगळा वेळ जाई आणि त्यातूनच मोजमापातली चूक, सरासरी, अंदाज या कल्पना पुढे येत. मार्गदर्शकाने आयते उत्तर द्यायचे नाही, असा संकेत होता. विद्यापीठातल्या प्राध्यापकालाही एखाद्या प्रश्नावर आपल्याला माहीत नाही असे सांगून शिक्षकांबरोबर शोधायला बसावे लागे. सर्वज्ञतेच्या ओझ्याखाली वर्षे काढलेल्या शिक्षकाला असे काही दिसणे, हेच मोठे प्रशिक्षण होते.

‘बाल वैज्ञानिक’ हे मुलांचे पुस्तक याच पद्धतीने आकाराला आले. त्यात व्याख्या आणि निष्कर्ष छापलेले नव्हते. प्रयोग कसा करायचा, काय पाहायचे आणि पाहिलेल्यावरून काय वाटते, याचे प्रश्न होते. उत्तर मुलांनी आपल्या वहीत लिहायचे. मूळ आणि पान यांवरचा धडा त्याचा चांगला नमुना आहे. मुले शाळेभोवतालची रोपे मुळासकट उपटून आणतात, कुणाचे मूळ सोटमूळ आणि कुणाचे झुपकेदार ते पाहतात, पानांवरच्या शिरांचे जाळे की समांतर रेषा ते नोंदवतात. तक्ता भरत गेला की झुपकेदार मुळे आणि समांतर शिरा जोडीने येतात, हे त्यांच्याच नोंदींतून उमटते. मग एखादी टोळी हा नियम मोडणारे रोप घेऊन येते आणि वर्ग पेटतो: नियम चुकला, की नोंद चुकली? बारा-तेरा वर्षांच्या मुलांना इतके खरे भांडण शाळेत क्वचितच मिळते.

साहित्य साधे होते आणि तेही हेतुपुरस्सर. टोकदार सुईची गरज बाभळीचा काटा भागवी. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, निकामी बल्ब असल्या वस्तूंतून प्रयोगशाळा उभी राही. पुण्याच्या टेल्कोत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये किशोर भारतीत आले आणि काड्यापेटीच्या काड्या व व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे जोडून आकृत्या बांधण्याची त्यांची कल्पना इथेच सुचली. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी नंतर जे काम केले, त्याचा धागा असा होशंगाबादपर्यंत जातो.

शिबिर संपल्यावर शिक्षकाला एकटे सोडायचे नाही, हा आणखी एक निर्णय. आसपासच्या शाळांतले विज्ञानशिक्षक दर महिन्याला एकत्र बसत. या मासिक गोष्ठीत कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, कोणता धडा रटाळ झाला, याची चर्चा होई. गोष्ठीच्या जोडीला अनुवर्तन असे, म्हणजे शाळेत जाऊन वर्ग पाहणे. पण तपासनीसाच्या डोळ्यांनी नाही. जाणारा बहुधा दुसऱ्या शाळेतला अनुभवी शिक्षकच असे आणि त्याला ‘स्रोत शिक्षक’ म्हणत. गोष्ठीतल्या तक्रारी थेट पुस्तक लिहिणाऱ्यांपर्यंत जात, म्हणून ‘बाल वैज्ञानिक’च्या पुढच्या आवृत्त्यांत धडे बदलले आणि वगळलेही गेले. शिक्षकांसाठी ‘होशंगाबाद विज्ञान’ हे पत्र निघे. मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याच्या नावाने मुलांची पत्रे येत आणि प्रत्येकाला उत्तर लिहायची धडपड अनेक जण मिळून करत.

सर्वांत धाडसी बदल मात्र परीक्षेत झाला. मुलाने विचार करायचा आणि परीक्षेत पाठ केलेले ओकायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. म्हणून आठवीच्या परीक्षेतही पुस्तक आणि वही उघडून उत्तरे लिहायची मुभा मिळाली आणि लेखीबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली गेली. प्रश्न न पाहिलेल्या परिस्थितीवरचे असत. असे प्रश्न तयार करणे हे पाठांतराचे प्रश्न काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि ते काम शिक्षकांच्या कार्यशाळांतून होई. शिक्षण-सुधारणेच्या बहुतेक योजना परीक्षेच्या दाराशी येऊन थांबतात. ही थांबली नाही, याचे श्रेय राज्य शासनालाही द्यायला हवे.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व शाळांत गेला. पुढे विस्तार सांभाळण्यासाठी १९८२ साली ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि हळूहळू पंधराएक जिल्ह्यांत काम पोचले. याच काळात मुंबईत वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शिक्षकांबरोबर काम करत होते. दोन्हीकडचा प्रश्न एकच होता, पण होशंगाबादने अभ्यासक्रम, पुस्तक, प्रशिक्षण आणि परीक्षा एकाच वेळी हलवली.

विस्ताराबरोबर ताणही आले. प्रशिक्षित शिक्षकाची बदली होई, साहित्य वेळेवर येत नसे, गोष्ठीला जाणे काही ठिकाणी उपचार झाले. नववीत गेल्यावर मूल पुन्हा व्याख्यांच्या जगात पडे. स्पर्धापरीक्षांचा काळ सुरू झाला तसे पालकांना वाटू लागले की आपली मुले मागे पडतील. सोळा शाळांत जो संवाद आपोआप होत होता, तो शेकडो शाळांत नुसत्या उत्साहावर टिकणार नव्हता.

२००२ साली जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली आणि राज्य शासनाने सगळीकडे एकच पुस्तक लागू केले. देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. एकलव्यच्या सामाजिक अध्ययनाच्या कार्यक्रमालाही त्याच वेळी पूर्णविराम मिळाला. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक मात्र शाळांतच राहिले. यश पाल, जे टाटा संस्थेतल्या दिवसांपासून या कामाशी जोडलेले होते, त्यांच्या अध्यक्षतेखाली २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला, तेव्हा प्रयोगातून आणि मुलांच्या प्रश्नांतून शिकण्यावरचा त्याचा भर होशंगाबादच्या अनुभवाशी जुळणारा होता. एकलव्यच्या ‘संदर्भ’ द्वैमासिकाने शिक्षकांसाठीचे विज्ञानलेखन चालू ठेवले. त्याच्याशी नाते सांगणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ मराठीत पुण्यातून निघू लागले. सुशील जोशी यांनी या सगळ्याचा सविस्तर इतिहास ‘जश्न-ए-तालीम’ या हिंदी पुस्तकात लिहिला आहे.