लोपत चाललेल्या भाषा : भाग ६ – अंगाअंगाचं व्याकरण

गेल्या आठवड्यात शब्दयाद्या पाहिल्या. यादी करायला चिकाटी पुरते. व्याकरण लिहिणाऱ्याचा पिच्छा मात्र एकच प्रश्न पुरवत असतो : बोलणारा इथे असंच का बोलला, तसं का नाही?

अंदमानचंच घ्या. इंग्रजांनी १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला वसाहत केली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा भाषा होत्या. त्यांतली अका-बेआ आज कोणीच बोलत नाही. पण एडवर्ड मॅन या अधिकाऱ्याने ती त्याच शतकात टिपून ठेवली होती. त्या भाषेत ‘बेरिङा’ म्हणजे चांगला. हाताचा उपसर्ग लावून ‘उन-बेरिङा’ म्हटलं की हुशार, डोळ्याचा लावून ‘इग-बेरिङा’ म्हटलं की तीक्ष्ण नजरेचा. ‘अका-बेरिङा’ म्हणजे ज्याला भाषा चांगल्या येतात तो, कारण ‘अका’ तोंडाचा. भाषेच्या नावातला ‘अका’ही तोच. आपल्याकडे हाताला गुण असतो, सुनेचा पायगुण बघतात, एखादा तोंडाळ निघतो. पण हे सगळं न वापरताही मराठी बिनचूक बोलता येतं. तिकडे हा वाक्प्रचारांचा खेळ नाही, वाक्याची चौकट आहे, आणि ती माणसापाशी थांबत नाही. ‘योप’ म्हणजे मऊ, लवचीक. स्पंज असेल तर ‘ओत-योप’, वेत असेल तर ‘ओतो-योप’, पडून कुजलेलं झाड असेल तर ‘अर-योप’.

उपसर्ग मॅनलाही दिसले होते. ते भाषाभर कसे पसरलेत, हे उलगडलं ते भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांच्या कामातून. त्या तिथे गेल्या तेव्हा जाणकार बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्यांची बोली अनेक भाषांची सरमिसळ होती, बहुतांशी जेरू. रोजचा व्यवहार अंदमानी हिंदीत, आणि पोरांना तर तेवढीच येत होती. अशा वेळी नुसतं ‘याला काय म्हणता’ विचारून भागत नाही. अब्बींना शरीराचे सात गट सापडले : तोंड, बाहेरचे मोठे अवयव, बोटांसारखी टोकं, आतले अवयव वगैरे. आणि हे गट नुसत्या नामांपुरते नव्हते, क्रियापदं आणि विशेषणंही त्यांनीच बांधलेली होती. हे व्याकरण २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्या दहांपैकी बो भाषेच्या अखेरच्या जाणकार, बोआ सीनियर, त्याआधीच, २६ जानेवारी २०१० रोजी वारल्या होत्या.

माझ्या मते यादी आणि व्याकरण यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो अवयवांच्या नावांत. ग्रेट अंदमानीत नुसतं ‘डोकं’ म्हणता येत नाही. ते कुणाचं, हे आधी सांगावंच लागतं. पाहुणा स्वतःच्या डोक्याला बोट लावून विचारतो, समोरचा ‘तुझं डोकं’ असं उत्तर देतो, आणि वहीत नोंद होते ‘डोकं’. मग दुसऱ्याच्या डोक्याकडे बोट दाखवावं, उत्तराची सुरुवात बदलते का ते ऐकावं, आणि पहिली नोंद खोडावी.