कोरड्या बागेतला फाल्गुन

पहाटे 4.30

घंटा वाजवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मुळशी धरणाच्या फुगवट्याच्या वर, डोंगरउतारावर आमचं हे लहानसं ध्यानघर. पाचला बैठक. मी ध्यान शिकले ते इगतपुरीच्या धम्मगिरीवर. सत्यनारायण गोएंकांच्या त्या केंद्रात 1976 पासून विपश्यना शिकवतात. तिथे डोळे मिटून श्वास आणि अंगावरच्या संवेदना बघायच्या. इथे झेनची रीत आहे: तोंड भिंतीकडे, डोळे अर्धे उघडे, 40 मिनिटं बसायचं, मग 10 मिनिटं अगदी सावकाश चालायचं आणि पुन्हा बसायचं. भिंतीवर काही नसतं. तरी माझं मन आज बाहेरच्या जपानी धर्तीच्या, खडी-दगडांच्या बागेत फिरत होतं. रात्री वारा होता, म्हणजे पाचोळा पडला असणार.

सकाळी 6.45

पडलाच होता. फाल्गुनात ऐन आणि किंजळ पानं गाळतात, त्यात काटेसावरीची जाडजूड लाल फुलं. खडीवर खराटा चालत नाही, पानांबरोबर खडेही उडतात. त्यामुळे टोपली घेऊन वेचत जायचं. गावातले मामा माझ्या आधी येऊन निम्मी बाजू उरकतात. "ताई, झाडाखाली बाग करायची आन् मग पानं पडली म्हणून वेचायची, ह्याला काय म्हनायचं?" असं ते अधूनमधून विचारतात. याला झेनमध्ये साधना म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं आहे. त्यांना ते पटलेलं नाही.

सकाळी 8.00

आता दाताळं. भाताच्या राबासाठी पाला ओढायला वापरतात तसंच, सागवानी, गावच्या सुतारानं केलेलं. फक्त दात जाड आणि दूर-दूर. आधी प्रत्येक दगडाभोवती गोल रेघा, मग उरलेल्या जागेत सरळ. बाहेर पडायच्या वाटेपासून सगळ्यांत लांबचा कोपरा आधी धरायचा आणि मागे सरकत यायचं, म्हणजे आपली पावलं आपणच पुसत येतो. दाताळं दाबायचं नाही. दाबलं की खालचा ठोकलेला मुरूम वर येतो आणि तांबडे डाग पडतात. रेघ वाकली तर तेवढीच नीट करता येत नाही, सगळा पट्टा पुन्हा ओढावा लागतो. ही नऊपर्यंतची वेळ रोज कशी जाते ते मला सांगता येत नाही, कारण त्या वेळात मी दुसरं काही पाहत नसते.

सकाळी 10.00

नाचणीची भाकरी खाऊन होते तोवर खडीचा ट्रॅक्टर आला. क्योतोच्या बागांत पूर्वी शिराकावा नदीच्या परिसरातली पांढरट ग्रॅनाइटची भरड पसरत. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यामुळे क्रशरवर मिळते ती काळी-करडी ग्रिट. पांढरे संगमरवरी खडे विकत मिळतात, पण फाल्गुनातल्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही. नदीतले गोटेही चालत नाहीत. ते घरंगळतात, रेघ धरत नाहीत. क्रशरच्या खडीला धारदार कोन असतात, ते एकमेकांत अडकतात आणि रेघ उभी राहते. खडी पसरण्याआधी चाळून, धुऊन भुकटी काढावी लागते. नाहीतर पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन सगळं आवळतं.

एक दगड नव्यानं बसवायचा होता. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या जपानी उद्यानग्रंथात दगडाच्या मर्जीनं चालावं असं सांगितलं आहे. पहार हातात घेऊन मामा म्हणाले, "ह्यो लई वर आलाय. अजून हातभर गाडा, म्हंजी हितलाच वाटंल." ग्रंथकारानं मान डोलावली असती. तिसरा हिस्सा जमिनीखाली गेला आणि दगड खरोखरच इथला झाला.

दुपारी 12.30

इंद्रायणी तांदळाचा भात, आमटी, वालाची उसळ. वाढताना आणि जेवताना कुणी बोलत नाही. पातेली ज्यानं-त्यानं घासायची. जपानमध्ये झेन गुरू दोगेन यांनी 1237 साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक पुस्तिका लिहिली. तांदूळ निवडणं हीसुद्धा साधनाच, असा तिचा रोख. त्याच शतकात आपल्याकडे अरणचे सावता महाराज मळ्यात खुरपं चालवत होते. विठ्ठल त्यांनी मळ्यातच पाहिला. 1295 मध्ये ते गेले, आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. मामांना दोगेन माहीत नाहीत. सावता महाराज मात्र घरातले, आणि सकाळच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना इथे सापडेल असं मला वाटलं होतं. "त्यांच्या मळ्यात भाजी तरी व्हायची," मामा म्हणाले.

दुपारी 2.00

उन्हात बाहेर काम नाही. दाताळ्याला तेल पाजणं, चाळणीची जाळी शिवणं, पावसाळ्याचा विचार. ही बाग कोरडी, आणि गाव धो-धो पावसाच्या ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी! आषाढात इथे रेघ टिकत नाही, म्हणून दाताळं बांधून ठेवतो आणि चर उपसतो. क्योतोत ज्या शेवाळाची वर्षभर निगा राखतात, ते इथे आपणहून दगडांवर चढतं आणि होळीपर्यंत करपून जातं.

दुपारी 3.30

पुण्याहून पाहुणे आले. बहुतेकांनी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेलं असतं. ते ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेलं, तळं, हिरवळ आणि फिरायच्या वाटा असलेलं. इथे पाणी कुठंय, असा पहिला प्रश्न येतो. मग मी क्योतोच्या रिओआनजी मंदिरातल्या बागेबद्दल सांगते: खडीवर 15 दगड, आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा तरी नजरेआड राहतो.

दुसरं वाक्य खाली धरणाकडे बघून येतं, "किती शांत आहे हो!" त्या पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरं आहेत. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, ती वाचवण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथे. धरण झालंच. मुळा नदीचं पाणी आज घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. पडू दे. ज्या शांततेला असा इतिहास सोसत नाही, ती फोटोपुरतीच असते.

संध्याकाळी 5.30

समोरच्या डोंगरावर धूर. वणव्याचे दिवस आहेत. कुंपणाबाहेरची जाळरेषा मामांनी आणि मी विळ्यांनी आणखी रुंद केली, वाळलेलं गवत ओढून बाजूला टाकलं. खडीला आग लागत नाही, एवढा एक गुण मामांनी आज बागेच्या खात्यावर मान्य केला.

संध्याकाळी 7.00

बैठक. धरणाच्या काठावरच्या कुठल्याशा फार्महाऊसवर डीजे सुरू झाला. श्वास मोजायचे, चुकले की पुन्हा एकपासून. आज दहापर्यंत एकदाही पोचले नाही. मन सगळा वेळ त्या डीजेवाल्याशी भांडत होतं आणि जिंकतही नव्हतं.

रात्री 9.00

उद्याची यादी: चाळण, पूर्वेचा चर, सुतार. हिशेब लिहिताना लक्षात आलं, पाहुणे बाग बघून शांती मागतात आणि मी बैठकीत मागते. दोन्हीकडे ती बेभरवशाची. दाताळं ओढताना मी ती मागत नाही, तेव्हाच बऱ्याचदा असते. हे बोलून कुणाला पटत नाही, म्हणून पुढच्या रविवारपासून येणाऱ्याच्या हातात आधी टोपली द्यायची असं ठरवलं आहे. मामांच्या मते निम्मे लोक येणं बंद करतील. उरलेल्या निम्म्यांत पाचोळा मात्र झटक्यात उरकेल.