पहिल्या दिवशीची पोटदुखी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ओपीडीत एक ठरावीक तक्रार येत राहते. सहा-सात वर्षांचे मूल, बेंबीभोवती दुखते, सकाळी दुखते, रविवारी दुखत नाही. आई वैतागून सांगते, ‘‘डॉक्टरसायेब, सोंग करते हे पोट्टं.’’ बहुतेक वेळा ते सोंग नसते. आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखर दुखते. (ताप, वजन घटणे, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर मात्र तपासणी लांबवू नये.)

अशा मुलाला मी विचारतो, नवीन सर कसे आहेत? उत्तर लगेच येते. शाळा सुरू होऊन दोनच दिवस झालेले असले तरी मत पक्के असते.

मोठ्यांचेही तसेच होते. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ मध्ये हार्वर्डमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ शिक्षकांच्या तासांतले दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, तेही आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले. त्यांनी दिलेले गुण सत्राअखेर खुद्द विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळले. शिक्षक मोजके होते आणि मोजली ती पसंती, विद्यार्थी किती शिकले ते नव्हे. तरीही एक शब्दही न ऐकता इतके कळावे, हे नवलच.

त्याआधी १९५० मध्ये हॅरॉल्ड केली यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत एका पाहुण्या शिक्षकाची ओळख छापून वाटली. निम्म्या विद्यार्थ्यांच्या कागदावर तो मनाने ‘उबदार’ होता, निम्म्यांच्या कागदावर ‘थंड’. माणूस तोच, तास तोच. पण पहिल्या गटातले ५६ टक्के विद्यार्थी चर्चेत बोलले, दुसऱ्यातले ३२ टक्के. म्हणजे पहिल्या ग्रहामुळे मत तर बदलतेच, तोंडही उघडते किंवा मिटते.

‘पहिल्याच दिवशी दरारा बसवा, मग वर्षभर त्रास नाही,’ हा स्टाफरूममधला जुना सल्ला. त्यातला नियमांचा भाग मला मान्य आहे. मुलांना चौकट लागते. पण घाबरलेल्या मेंदूत ताणाची संप्रेरके वाढतात आणि आठवणे, विचार करणे ही कामे मंदावतात. वर्ग शांत बसतो खरा, पण त्या शांततेत पाढे डोक्यात शिरत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात यात आणखी एक पदर आहे. झरी-जामणी, केळापूर, मारेगावच्या पोडांवरून येणाऱ्या मुलाच्या घरी कोलामी बोलतात. ती मराठीच्या कुळातली नाही, गोंडीसारखी द्रविड भाषा आहे. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी आहे. उरलेल्या बहुतेकांच्या तोंडी वऱ्हाडी. बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या गुरुजींसमोर मूल पहिल्यांदा म्हणते, ‘मले पानी पायजे.’ गुरुजी म्हणतात, ‘मले नाही, मला म्हण.’ हेतू चांगलाच असतो. पण मूल त्या दिवशी पाणी मागायचे शिकत नाही, गप्प राहायचे शिकते. आधी पाणी द्यावे. प्रमाण मराठीला पुढे दहा वर्षे आहेत.

प्रवेशोत्सवाला फुले, पुस्तके देतात, ते छानच. त्याच दिवशी मुलाचे नाव घरी घेतात तसे घ्यायला शिकावे, लहानग्यांशी त्यांच्या उंचीला बसून बोलावे. आणि डॉक्टर म्हणून माझा हट्ट एकाच गोष्टीचा: संडास-मुतारी कुठे आहे ते स्वतः नेऊन दाखवावे आणि ‘लागली की जायचे, ओरडणार नाही’ असे सर्वांसमोर सांगावे. विचारायची भीती वाटणारी मुले, विशेषतः मुली, पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात, शौचही रोखतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता जडते. बद्धकोष्ठतेने पोट दुखते, पोट दुखते म्हणून शाळा बुडते. पोडावरच्या मुलाची शाळा एकदा आठवडाभर बुडाली की ते कापसाच्या वावरात दिसायला वेळ लागत नाही.

पालकांनीही ‘थांब, नवीन सरांना सांगते तुझं नाव’ ही धमकी जुलैपर्यंत तरी बंद ठेवावी. सर अजून मुलाला भेटायचे आहेत.