पूल केजची जाळी बदलताना

फ्लोरिडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव आणि त्यावरचा जाळीचा पिंजरा बहुधा जोडीनेच मिळतात. तिथे त्याला सगळे ‘पूल केज’ म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पोकळ खांब-तुळयांची चौकट आणि तिच्या प्रत्येक खणात ताणून बसवलेली काळपट जाळी, एवढीच त्याची रचना. चौकट वर्षानुवर्षं उभी राहते, जाळीला मात्र ऊन खाऊन टाकतं. एखाद्या खणाला भोक पडलं की ‘नंतर बघू’ म्हणून ते राहून जातं आणि तेवढ्यात डास, पाली, कधी सापही आत येतात. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं घरच्या घरी होण्यासारखं आहे.

जाळी गेली की दोरी?

नेहमीची जाळी फायबरग्लासच्या धाग्यांची असते आणि धाग्यांवर पीव्हीसीचा लेप असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा लेप कडक होतो, मग उडतो आणि आतला धागा उघडा पडतो. दक्षिणेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या खणावर अंगठ्याने जरा दाबून पाहा. जाळी लवचीकपणे मागे गेली तर ती ठीक आहे. धागे तुटतात असं वाटलं तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही, कारण ठिगळाच्या कडेनेच ती पुन्हा फाटेल.

पुष्कळदा जाळी शाबूत असते आणि दोष असतो तो खाचेत दाबून बसवलेल्या दोरीचा. तिला स्प्लाइन म्हणतात. ही दोरी उन्हाने टणक होते आणि आक्रसते. खणाच्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर दोरीचं टोक मागे सरकलेलं आणि तिथली खाच रिकामी दिसते. वारा तिथूनच जाळी उचकटतो. अशा वेळी जाळी मऊ असेल तर नवी दोरी घालून काम भागतं.

कोणती जाळी घ्यायची

पूल केजला सर्वसाधारणपणे १८×१४ची जाळी वापरतात. म्हणजे एका इंचात एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १४ धागे. डासांना ती पुरते. खाडीकाठी, खारफुटीजवळ राहणाऱ्यांना चिलटांचा त्रास असतो, त्यांच्यासाठी २०×२०ची बारीक जाळी मिळते. पण ती वारा अडवते. आत उकडतं आणि वादळात चौकटीवर जास्त जोर येतो. चिलटांचा खरोखरच जाच नसेल तर ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार पॉलिएस्टरच्या जाड धाग्याचा. महाग असतो, पण दणकट. घरात कुत्रा असेल किंवा मुलं जाळीला टेकून खेळत असतील तर खालच्या खणांना हीच लावावी, वर साधी चालते. रंग ठरवण्याआधी सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम वाचून घ्या.

डासांबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास फ्लोरिडातही आहे, तो दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातही वाढतो. २०१६मध्ये मायामीत झिकाची लागण याच डासामुळे झाली.

एक खण बदलायचा तर

साहित्य थोडंच लागतं: जाळी, स्प्लाइन, स्प्लाइन रोलर, टोच्या आणि नवं पातं घातलेला कटर. स्प्लाइन वेगवेगळ्या जाडीची मिळते, म्हणून जुन्या दोरीचा तुकडा कापून दुकानात घेऊन जा. बारीक दोरी निसटते आणि जाड दोरी खाचेत जातच नाही.

टोच्याने कोपऱ्यातून जुनी दोरी उचला आणि ओढून काढा. रिकामी खाच जुन्या ब्रशने घासून धुऊन घ्या, तिच्यात वाळू, शेवाळ आणि कोळ्यांची जाळी साठलेली असतात. या पायरीत आळस केला तर नवी दोरीही वर येते. खाच पूर्ण वाळू द्या.

नवी जाळी चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवून कापा. आधी वरची कड बसवा, म्हणजे जाळी आपल्या वजनाने सरळ लोंबते. मग दोन्ही बाजू आणि शेवटी खालची कड. रोलरचं एक चाक कडेला फुगीर असतं, त्याने जाळी खाचेत दाबायची. दुसऱ्या चाकाला खोबण असते, त्याने वरून दोरी बसवायची. उभे-आडवे धागे चौकटीला समांतर आहेत ना, हे दर हातभर अंतरावर पाहत चला. तिरपी गेलेली जाळी नंतर सरळ करता येत नाही, ती काढूनच पुन्हा लावावी लागते.

जाळी ढोलकीच्या पुडीसारखी ताणू नका. दोरी दाबली जाताना ताण आपोआप येतो. आधीच ओढून धरली तर पातळ पट्ट्या आत वाकतात. कोपऱ्यात दोरी ओढून कापू नका, थोडी सैल ठेवा, कारण ती पुढे आक्रसणारच आहे. उरलेली जाळी कापताना पातं दोरीच्या बाहेरच्या बाजूने, चौकटीकडे कललेलं धरा.

स्क्रू, छत आणि वादळ

खण मोकळा झाला की जवळचे स्क्रूही तपासा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियममध्ये बसवलेला साधा पोलादी स्क्रू गंजतो. डोकं तांबूस झालं असेल तर एकेक करून स्टेनलेस स्टीलचा घाला, सगळे एकदम काढू नका.

छताचे खण स्वतः बदलू नका. त्या पोकळ तुळया माणसाचं वजन पेलण्यासाठी केलेल्या नसतात, आणि सराईत कामगारही तुळयांवर फळ्या टाकूनच वावरतात. ठेकेदाराकडे कामगारांच्या विम्याचं प्रमाणपत्र मागा. घराच्या विम्यात पूल केज धरलेला आहे का, हेही पाहून ठेवा, कारण अनेक पॉलिसींमध्ये तो वगळलेला असतो. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा काम मे महिन्याच्या आत उरका.

आधी दार

अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे आहे. फ्लोरिडात घरगुती तलावांच्या सुरक्षेचा कायदा २०००पासून लागू आहे. अनेक घरांत पूल केज हेच त्या कायद्याने मागितलेलं कुंपण असतं. कुंपण किमान ४ फूट उंच हवं आणि त्यात फटी नकोत. दार तलावाच्या उलट बाजूला, बाहेर उघडणारं हवं. ते आपोआप मिटून त्याची कडी आपोआप लागली पाहिजे, आणि लहान मुलाचा हात वरून किंवा फटीतून त्या कडीपर्यंत पोहोचता कामा नये. कडीजवळची जाळी फाटली की नेमकी तीच फट तयार होते. घरात लहान मूल असेल किंवा सुट्टीत नातवंडं येणार असतील, तर बाकीचे खण महिनाभर थांबले तरी चालतील. दाराची जाळी याच शनिवारी बदला.