देवगिरी हरली ती बातमीत

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या दगडी मंदिरांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री पंडित ज्या यादव राजा रामदेवरायाच्या दरबारी होता, त्याच्या राज्यात नीरा-भीमेचा हा मुलूखही होता. 1296 मध्ये त्याची राजधानी देवगिरी अल्लाउद्दीन खलजीच्या काही हजार स्वारांपुढे नमली. माझ्या मते उणीव शौर्याची नव्हती, बातमीची होती.

भिलसा लुटले तेव्हाच अल्लाउद्दीनला देवगिरीच्या संपत्तीचा सुगावा लागला होता. पुढची सारी तयारी त्याने कडा इथे बसून, चुलता सुलतान जलालुद्दीन यालाही पत्ता लागू न देता केली. एलिचपूरला मुक्काम पडला तेव्हा आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला निघालो आहोत, अशी आवई त्याने उठवली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. इकडे यादवांचे लक्ष दक्षिणेकडे लागलेले. 1276 मध्ये त्यांची फौज होयसळांच्या द्वारसमुद्रावर चालून गेली होती. 1296 मध्येही युवराज शंकरदेव सैन्यासह राजधानीबाहेर होता. विंध्य-सातपुडा ओलांडून शत्रू आत आला, तेव्हा देवगिरीजवळच्या लासूरला कान्हा नावाचा सरदार त्याला आडवा गेला. कान्हाच्या बाजूने दोन स्त्रिया त्वेषाने लढल्या, ही नोंद इसामीची, म्हणजे सुलतानांच्या बाजूने लिहिणाऱ्याची. म्हणून ती मोलाची. किल्ल्यात नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही फिरिश्त्याची कथा तीन शतकांनंतरची. तिच्यावर भिस्त ठेवू नये. पण वेढा सोसण्याची तयारी नव्हती, हे तहाच्या घाईवरूनच कळते.

संतांच्या भक्तीने महाराष्ट्र मवाळ झाला, असा आक्षेप अजून ऐकू येतो. ज्ञानेश्वरी 1290 ची. सहा वर्षांत एका ग्रंथाने फौजेचे हात कसे गळतील? आणि लासूरला लढणारे मवाळ होते काय? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: तुर्की घोडदळापुढे कुणाचाच टिकाव लागला नसता. घोडदळ सरस होते, हे खरेच. तरी 1303 च्या सुमारास काकतीयांवर पाठवलेली अल्लाउद्दीनचीच फौज वारंगळहून हात हलवत परतली. म्हणजे घोडदळ थोपवता येत होते. त्यासाठी शत्रू येतो आहे हे आधी कळायला हवे होते.

1296 नंतर रामदेवरायाला अकरा वर्षे मिळाली. ठरलेली खंडणी थांबली, पण उत्तरेची वाट रोखण्याइतकी ताकद उभी राहिली नाही. 1307 मध्ये अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि राजाला दिल्लीला घेऊन गेला. 1318 मध्ये रामदेवरायाचा जावई हरपाळदेव मारला गेला, तिथे यादवांचे राज्य संपले.